लिंबाजीच्या वावरातली पंगत

भाविकहो, त्या वर्षी दयाळनाथ महाराजांचा मुक्काम बोरजळ गावी होता. गाव बालाघाटाच्या उतारावरचं, जमीन काळी, माणसं कष्टाळू. मारुतीच्या पारावर महाराज रोज संध्याकाळी निरूपण करीत. एके दिवशी ते म्हणाले, "पानापानांत हरी आहे. कोणाला दुखवू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवून झोपले. लिंबाजीला मात्र घास गिळवेना.

लिंबाजी गडी भोळा. कोणी चेष्टेत सांगावं आणि यानं खरं मानावं! दुसऱ्या दिवशी तो ज्वारी खुरपायला बसला, तर समोर केन्याच्या तणाचं इवलंसं निळं फूल. त्याचा हात थबकला. यातही हरीच की! त्यानं घरी येऊन खुरपं आढ्याला खोचलं, ते खोचलंच.

पुढं व्हायचं तेच झालं. तण ना कोणाला पेरावं लागतं, ना राखावं लागतं. ज्वारी वीतभर होते न होते तोच कुंदा गुडघ्याला लागला, त्याच्यावर कुर्डू डोकावू लागला आणि खाली हराळीनं सगळी ओल पिऊन टाकली. बिचारी ज्वारी उन्हालाही पारखी झाली, पिवळी पडली. त्या एका वावरावर घरची वर्षाची भाकरी होती. बायको कौसा रडकुंडीला आली.

"अवो, तणात हरी हाय, मग ज्वारीत न्हाई व्हय? लेकरांच्या ताटात काय वाढू, कुर्डूची फुलं?"

ती खुरपं घेऊन निघाली की लिंबाजी वाटेत आडवा बसे आणि त्याचं तोंड बघून तीच मागं फिरे.

शेजारचं वावर हैबतराव पाटलांचं. त्यात औषधालासुद्धा तण नाही. बांधावर उभे राहून पाटील ओरडत, "लिंब्या, तुझ्या वावरात देवच मावंनात, ज्वारी कुठं मावायची?" गडी खदखदा हसत. एवढ्यावर थांबते तर लिंबाजीनं सोसलं असतं. पण पाटील पुढं म्हणत, "गोसाव्याच्या नादानं संसार बुडाला बघा याचा!" आपल्यापायी महाराजांना बोल लागला, हे त्याच्या काळजात रुतलं. तो तडक पारावर गेला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला.

"महाराज, तण उपटावं तर हरी दुखतो, न्हाई उपटावं तर लेकरं उपाशी मरत्यात. मी करू काय?"

महाराजांचे डोळे भरून आले. "बाळा, चूक तुझी नाही. मीच अर्धं सांगून थांबलो. चल, वावरात जाऊ."

महाराज निघाले तसं गावही निघालं. मजा बघायला पाटील सर्वांत पुढं! वावरात पोचल्यावर महाराज म्हणाले, "लिंबाजी, भुईला कान लाव." तो तणात आडवा झाला. आधी नुसती किड्यांची किरकिर. मग खालून बारीक आवाज आला, भुकेनं रडून दमलेल्या लेकराचा असतो तसा. "बाबा, आमच्या तोंडचं पाणी यांनी ओढलं, ऊन झाकलं. तू पेरलंस ना आम्हाला? मग जेवू कोण घालणार?" ऐकलेलं सगळ्यांना सांगत लिंबाजी ढसाढसा रडू लागला.

महाराज खाली बसले. एका कुंद्याला त्यांनी हात जोडले. "उठावं देवा. ही पंगत दुसऱ्याची आहे." आणि काय आश्चर्य! कुदळीला दाद न देणारा तो कुंदा लोण्यातून केस निघावा तसा मुळासकट हातात आला. कौसानं पदर खोचला. तिच्यामागं साऱ्या बायका वावरात उतरल्या. "उठावं देवा, उठावं देवा," म्हणत दिवस मावळायच्या आत वावर स्वच्छ झालं आणि पिवळी पानं सर्वांदेखत हिरवी होऊ लागली. धन्य ती कृपा!

"हातचलाखी सारी! भुई कधी बोलती व्हय?" पाटील गुरगुरले.

महाराज शांतपणे म्हणाले, "पाटील, तुम्हीही ऐका. तुमच्याच वावरात ऐका."

पाटील हसत हसत बांधालगतच्या आपल्या ज्वारीत आडवे झाले. तिथं त्यांचं पीक सर्वांत जोमदार होतं. पण हसू जागच्या जागी विरलं. दरसाल नांगरताना बांध कोरून त्यांनी लिंबाजीची जमीन थोडी थोडी आपल्यात ओढली होती. गावाला ते ठाऊक होतं, पण बोलायची छाती कोणाची नव्हती. आता तीच ज्वारी त्यांच्या कानात म्हणत होती, "धनी, इथं आम्हीच तण. आम्ही दुसऱ्याच्या ताटात जेवतोय."

पाटील उठून बसले तेव्हा फेटा मातीत पडला होता. "महाराज, ही सगळी आत्ता उपटून टाकतो."

"उभं पीक उपटू नका. अन्नाचा काय दोष? सुगीला ही कणसं लिंबाजीच्या खळ्यावर टाका आणि बांध जिथं होता तिथं न्या."

पाटलांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उभ्या जन्मात ज्याला लिंब्याखेरीज हाक मारली नाही, त्याच्यापुढं गुडघे टेकून ते भुईपर्यंत वाकले. "लिंबाजीराव, मला पदरात घ्या."

लिंबाजीनं घाईघाईनं त्यांना खांद्याला धरून वर ओढलं. "पाटील, आधी उठा बघू! तुमच्या गुडघ्याखाली ज्वारी चिरडतीया!"