नव्या नावाचा सर्व्हर

इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सकाळपासून कुणालाच ईमेल येईना. मालक भूपालशेठ मगदूम तरातरा जिन्याखालच्या खोलीत शिरले. मागोमाग ऑफिसातली माणसं दारात जमली. त्या खोलीत सर्व्हर होता आणि तो सांभाळणाऱ्या उज्ज्वला कोष्टी. नऊ वर्षं त्या तिथे एकट्याच बसत, डबाही एकट्याच खात.

“मशीन बंद पाडलंत ना?” शेठ गरजले.

“मशीन चालू आहे, शेठ. काल अंकशास्त्र्याच्या सांगण्यावरून तुम्ही परस्पर त्याचं नाव बदलून घेतलंत. नावांच्या यादीत अजून जुनंच आहे. नव्या नावाने शोधलं, की बाकीच्या कॉम्प्युटरना ते सापडत नाही.”

“एवढं धूड समोर चालू आहे, आणि म्हणे सापडत नाही! पटवून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

उज्ज्वलाताई उठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. “मीही नऊ वर्षं इथेच आहे, चालू आहे. मला नावाने हाक मारा बघू.”

शेठनी मागे वळून पाहिलं. दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. ‘सर्व्हरवाल्या मॅडम’ यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

शेठचा आवाज खाली आला. “नाव काय हो तुमचं?”

“आधी याचं यादीत घालते, शेठ,” त्या खुर्चीकडे वळत म्हणाल्या. “याची सकाळपासून वाट बघणारी माणसं तरी आहेत.”