पाय धुण्याची रीत

ज्या काळी विडा घेतल्याशिवाय पाहुणा उठत नसे, त्या काळची ही गोष्ट. मुलांनो, ऐका, आणि थोरांनो, तुम्ही तर जरूर ऐका.

एका गावात घरोघरी पानमळे होते. त्या नागवेलींवरच गाव जगायचं. एका वर्षी ओढ्याकाठच्या मळ्यात मर रोग शिरला. वेलीचा बुडखा काळा पडायचा, पानं माना टाकायची आणि आठवड्यात वेल जायची.

गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याने हाक दिली, "ज्याला सवड असेल त्याने यावं. रोग ओळखायला मी शिकवतो."

पाचसात जण आले. त्यांत एक कुंभारीण होती. तिचा स्वतःचा मळा नव्हता, पण नजर अशी, की काळा डाग सगळ्यांआधी तिला दिसायचा.

बुडखा कसा खरवडायचा, मुळांचा वास कसा घ्यायचा, सगळं म्हाताऱ्याने शिकवलं. शेवटी म्हणाला, "आणि पाय धुतल्याशिवाय कुणाच्या मळ्यात शिरू नका. रीत आहे."

का, ते त्याने सांगितलं नाही. त्याला तरी कुठे कुणी सांगितलं होतं?

कुंभारीण गावभर फिरू लागली. सुरुवातीला ती पाय धुवायची. मग बोलावणी वाढली. पाय धुणं म्हणजे मळ्याला नमस्कार, असं तिला वाटे. नमस्कार काय, मनातल्या मनातही होतो!

ती रोग अचूक ओळखायची, पण रोग काही हटेना. एकामागून एक मळे गेले. शेवटी एकट्या म्हाताऱ्याचा मळा हिरवा राहिला. ती धावतच तिथे गेली.

"बाबा, माझं चुकतंय कुठं? रोज सकाळी मेलेल्या वेली बघते, अन् तशीच बाकीचे मळे तपासायला जाते."

"कुठल्या मळ्यामागून कुठल्या मळ्यात गेलीस, सांग बरं पोरी."

ती एकेक नाव घेऊ लागली. मळे त्याच क्रमाने मेले होते. बोलता बोलता तिच्याही ते ध्यानात आलं.

म्हाताऱ्याने खाली पाहिलं. तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते, आणि ती त्याच्या वेलींमध्ये उभी होती.

"पाय का धुवायचे, ते मलाही आजच कळलं," एवढंच तो म्हणाला.

बारा दिवसांनी त्याच्या पहिल्या वेलीने मान टाकली.

कुंभारणीने प्रत्येक मळ्याच्या तोंडाशी पाण्याने भरलेला एकेक रांजण आणून ठेवला. पण पाय धुऊन आत जावं, असं आत काही उरलं नव्हतं.

तात्पर्य : दुसऱ्याचं दुखणं शोधायला निघालेल्याने आधी आपल्या पायांना काय लागलंय ते पाहावं.