रिकामी आलेली टोपली

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, पण माणसांना एकमेकांची भीती मात्र आजच्याइतकीच वाटायची.

एका खोल घळीच्या दोन काठांवर दोन गावं होती. खालच्या गावात भात पिकायचा. वरचं गाव रानातल्या मधावर आणि हिरड्यावर जगायचं. मध्ये लाकडाचा एक साकव होता. सुगी संपली की खालचं गाव दोघांनी उचलावी एवढी टोपली तांदळाने भरून साकवाच्या पलीकडे ठेवायचं. आठ दिवसांनी तीच टोपली मध आणि हिरडे घेऊन अलीकडे यायची. येणं-जाणं एवढंच. वरची माणसं दिसतात कशी, हे खालच्यांना धड ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्यांच्याविषयी भयंकर गोष्टी पुष्कळ होत्या, आणि त्या सांगणारे सगळे कधीही साकव न ओलांडलेले.

खालच्या गावाची एक रीत होती, तुमच्या-आमच्या घरी असते तीच. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर गुळाचा खडा तरी घालायचा. भांडं रिकामं आलं, की संबंध संपला असं समजायचं.

एका वर्षी टोपली रिकामी आली. तळाशी हिरड्याचं एक पानसुद्धा नव्हतं.

बघता बघता गावाच्या तोंडचं पाणी पळालं. बायांनी पोरं घरात ओढली, पुरुषांनी कोयत्यांना धार लावली. वारा सुटून पलीकडची झाडं हलली, तरी "आले, आले" म्हणून ओरड व्हायची. दोन दिवस कुणी गुरं सोडली नाहीत. पलीकडे धूरसुद्धा दिसत नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"ते आपल्यावर चालून येणार," पाटील म्हणाले. "साकव तोडून टाका."

टोपल्या विणणारी साळूबाई पुढे आली. ती टोपली तिच्याच हातची होती.

"पाटील, ही कढत पाण्यानं धुतलीय बघा. कामट्या पार पांढऱ्या पडल्यात. भांडायला निघालेलं माणूस भांडं असं धुऊन देतंय होय?"

"विष लावलं असंल! तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग मी जाऊन विचारून येते."

"गेलीस तर आम्ही थांबायचो नाही, सांगून ठेवतो."

ती गेली. भीती तिलाही वाटत होती. साकवावरून पलीकडच्या पहिल्या दारापर्यंत ती देवाचं नाव घेत गेली.

दाराजवळ पोचताच आवाज आला, "बाई, लांब थांबा!" अंगाला घोंगडी लपेटलेला एक म्हातारा उंबऱ्यात बसला होता. "गावात ताप आहे. घराघरात माणसं पडलीत. तांदूळ तुम्ही दिलात, पण उठून शिजवणार कोण? आमच्या हातचा मध तुम्ही खाल्ला असता, तर ताप तुमच्याकडे आला असता. टोपली ठेवून घेतली असती तर चोर ठरलो असतो. म्हणून धुऊन पाठवली." मग खालच्या आवाजात त्याने विचारलं, "तुमची माणसं आम्हाला मारायला येणार नाहीत ना?"

तेवढ्यात घळीकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले.

ती धावत सुटली. "थांबा! माणसं आजारी आहेत!" ओरडत ती साकवावर आली. वाऱ्यात खालच्यांना फक्त तिचं ओरडणं ऐकू आलं, शब्द नाहीत. पलीकडच्यांनी तिच्यामागे धाव घेतली आहे असंच त्यांना वाटलं. पाटलांनी शेवटचा घाव घातला. साकव मोडला, आणि साळूबाई पलीकडच्या काठावरच्या एका वेलीला लोंबकळू लागली.

तिच्यामागून खरोखरच चार माणसं आली होती. तापाने फणफणलेली, उभंही न राहवणारी. ती चौघं काठावर आडवी झाली, त्यांनी एकमेकांचे पाय धरले, आणि सगळ्यांत पुढे असलेल्या त्या घोंगडीवाल्या म्हाताऱ्याने साळूबाईचं मनगट पकडलं. हळूहळू त्यांनी तिला वर ओढलं. हातात कुऱ्हाडी घेतलेलं खालचं गाव हे सगळं बघत उभं होतं.

वारा पडल्यावर तिचे शब्द पोचले. "पेज करायला माणसं पाठवा!"

आता माणसं धावली, पण जायचं कुठून? नवा साकव घालायला बारा दिवस लागले. पाटलांनी स्वतः लाकडं वाहिली, हात सोलवटले तरी थांबले नाहीत. तिकडे एकटी साळूबाई दारोदार पेज नेत होती. ती सगळ्यांना पुरी पडली नाही.

खालचं गाव पोचलं तेव्हा पाटलांनी तिला ओढून घेणाऱ्या म्हाताऱ्याविषयी विचारलं. साळूबाईने नुसतं एका बंद घराकडे बोट दाखवलं.

बोध: दिल्याची परतफेड आली नाही, तर भिऊन वाट तोडू नये, आधी जाऊन विचारावं, घरी सगळे बरे आहेत ना.