राजा, पोपट आणि एक घटका

एक होता राजा. त्याचं नाव धवलसेन. मनानं अगदी लोण्यासारखा, पण वेळेच्या नावानं शंख! "आलोच" म्हणायचा आणि यायचाच नाही.

त्याच्या नगरात भिवराबाई घटका मोजायची. म्हणजे काय, तर बुडाला भोक असलेली वाटी पाण्यावर ठेवायची. वाटी भरून बुडाली की झाली घटका. मग ती घंटा वाजवायची. ऐकायचं मात्र कुणी नाही, बरं का! बाई अगदी मेटाकुटीला आली होती.

नगराला पाणी एकाच झऱ्याचं. सूर्य उगवला की डोंगरातला एक दगड तोंड उघडायचा, घटकाभर पाणी द्यायचा, की मिटला. आणि रीत अशी, की पहिली कळशी राजानं भरायची. राजा पोचेपर्यंत दगड मिटायला आलेला. मग कशाबशा चार कळशा भरायच्या.

एकदा काय झालं, दगडच बोलला. "माझं पाणी मातीत जातंय आणि तुमच्या राजाचा पत्ता नाही! तीन सकाळी वाट बघीन. नाही आला, तर कायमचा मिटेन."

पहिल्या सकाळी भिवराबाईनं घंटा बडव बडव बडवली. हात भरून आला. "आलोच," राजा म्हणाला. दगड मिटला.

दुसऱ्या सकाळी ती राजवाड्यातच गेली. राजाला उठवलं, जोडे शोधून दिले, मुंडासं बांधून दिलं. "हे नको, ते जरीचं," राजा म्हणाला. मग आपल्या लाडक्या पोपटाशी बोलत बसला. दगड मिटला.

घरी आली, तर शेजारची बाळंतीण सुंदरा दारात रडत उभी. "आक्का, बाळाचं अंग पुसायला ओंजळभर पाणी नाही हो."

भिवराबाईचं डोकंच फिरलं. तशीच उलट्या पावली राजापुढे उभी राहिली. "महाराज, आमच्या सुंदराच्या बाळाला ओंजळभर पाणी नाही. लेकरं तहानेनं मरतील. कळतंय का तुम्हाला?"

राजा रडकुंडीला आला. "कळतं हो बाई! पण मला वाटतं, वेळ पुष्कळ आहे. मग तो कुठं जातो, तेच कळत नाही."

भिवराबाई मटकन खाली बसली. इतकी वर्षं तिनं घटका ऐकवली होती, दाखवली कधीच नव्हती.

मग तिनं वाटी राजासमोर ठेवली. "बांधा मुंडासं." वाटी बुडाली. "शोधा जोडे." पुन्हा बुडाली. "बोला पोपटाशी." तिसऱ्यांदा बुडाली!

राजानं कपाळाला हात लावला. "मला वाटायचं, चुटकीसरशी होतं सगळं."

"मुंडासं आदल्या संध्याकाळी बांधायचं. जोडे दाराशी ठेवायचे."

"आणि पोपट?"

"पोपट दुपारी!" भिवराबाई खेकसली.

तिसऱ्या सकाळी राजा निघाला. वाटेत कुणी म्हणालं, "महाराज, जरा ऐका ना." "दुपारी!" राजा ओरडला आणि धावत सुटला. पोचला, तर दगड अजून मिटलेलाच. बिचाऱ्या राजाला वाट बघायची सवयच नव्हती! कधी या पायावर, कधी त्या पायावर.

सूर्य वर आला. दगडानं तोंड उघडलं. राजानं पहिली कळशी भरली, खांद्यावर घेतली आणि थेट सुंदराच्या दारात नेऊन ठेवली. मागून अख्ख्या नगरानं पाणी भरलं, अगदी गाईगुरांनासुद्धा पुरलं. बाळ न्हाऊन झोपलं, आणि सगळे सुखानं राहू लागले.

झाली गोष्ट. आता पांघरुणं ओढा. नाही, पोपटाचं नाव काय ते उद्या विचारायचं. मिटा डोळे!