बुलबुलची अट

आमराईला अजून कुंपण नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथे एक बुलबुल आणि एक दयाळ पक्षी राहायचे. दोघांनी एकेक गाणं रचलं.

बुलबुल म्हणाली, "माझं गाणं गायचं तर शेवटी 'बुलबुल म्हणे' असं म्हणायचं. आणि एकही सूर बदलायचा नाही."

दयाळ म्हणाला, "माझं कुणीही गा, कसंही गा. नाव नको."

हळूहळू दयाळाचं गाणं रानभर झालं. चिमण्यांनी ते आखूड केलं, साळुंक्या ते भांडता भांडता म्हणू लागल्या, कावळ्याने तर त्याची पार वाट लावली. दयाळ मजेत ऐकत बसे. बुलबुलचा मात्र जळफळाट होई, कारण खरं सरस गाणं तिचंच होतं. ते कुणी चोरतंय का, म्हणून ती झाडोझाड पहारा देत फिरे. तिच्या पिल्लाने गुणगुणलं तरी म्हणे, "नाव राहिलं." शेवटी पिल्लानेही ते सोडून दिलं.

एके सकाळी तिला राहवेना. ती शेंड्यावर बसली आणि दयाळाचंच गाणं गायली, शेवटी 'बुलबुल म्हणे' जोडून. आता तो भांडायला येईल, म्हणून ती वाट बघत राहिली.

दयाळ आला आणि म्हणाला, "शेवट छान जुळवलास. मीही असाच गाऊ का?"

तेवढ्यात पिल्लू म्हणालं, "आई, आता तुझं गा ना."

बुलबुलने चोच उघडली. पहारा देण्याच्या नादात कितीतरी दिवसांत ती ते गायलीच नव्हती. पहिला सूर काही केल्या तिला आठवेना.