होडीतलं भाषण

आफ्रिकेतल्या एका तळ्यावर धुकं इतकं दाट होतं, की होडी ढगातून चालल्यासारखी वाटत होती. बाजाराला निघालेली तळ्याकाठची म्हातारी नांबिरो पेंगत होती. शेजारी कोण बसलंय, तेही दिसत नव्हतं.

राष्ट्राध्यक्षपदासाठी यंदा प्रथमच एकाहून अधिक उमेदवार होते. त्यांतलेच एक, कासुलेसाहेब, होडीच्या टोकाशी उभे राहून गरजले, "डोंगरी जमातीचे सगळे माझ्या बाजूला या! तळ्याकाठच्यांशी आपला संबंध नाही!"

अर्धी माणसं उठून तिकडे गेली. होडी कलली आणि पाणी भसाभसा आत आलं.

"अरे, मागे व्हा!" साहेब किंचाळले. "कोण कुठला ते राहू द्या! सगळे मिसळून बसा, नाहीतर बुडू!"

होडी सावरली. नांबिरोनं डोळे किलकिले केले.

"साहेब, हेच भाषण काठावर करा. माझं मत तुम्हालाच."