वेणी माप खाते

टोपीची गोष्ट सांगा म्हणे. काय दुसरा धंदा नाही मला? गुडघे दुखतात, चहा गार झालाय, आणि ही सगळी मंडळी पुढ्यात येऊन बसली आहेत. बरं, सांगतो. पण मागच्या खेपेला एक जण निम्म्यातून उठून गेला तसं कुणी उठायचं नाही. त्याचं नाव शेवटी सांगेन.

फार जुनी गोष्ट. डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची. बर्फाच्या एका खिंडीखाली एक गाव होतं. वरच्या आळीत काळी मेंढरं, खालच्या आळीत पांढरी. दोन्ही आळ्यांचं एकमेकांशी पटत नसे. का पटत नसे ते कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून भांडण मिटतही नव्हतं.

खिंडीत एक घंटा टांगलेली होती. हिवाळ्यात धुकं उतरलं की स्वतःचा हातसुद्धा दिसायचा नाही. तेव्हा एक माणूस वर बसून घंटा वाजवी आणि वाटसरू आवाजाच्या रोखाने चालत. आवाज थांबला की पुढचं पाऊल दरीत. त्या घंटेवाल्याला गावाने कानटोपी द्यायची, अशी रीत होती. दोन्ही आळ्यांनी लोकर द्यायची, तीही तराजूत घालून, सारखी. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

त्या वर्षी टोपी विणायला घेतली घंटेवाल्याच्या बायकोनेच. हात तिचा देवाने दिलेला, पण तोंड आणि नाक त्याहून वर.

ती म्हणाली, "दर वर्षी अर्धी टोपी काळी, अर्धी पांढरी, मधे शिवण. त्या शिवणीतून वारा शिरतो आणि माझ्या नवऱ्याचे कान सुजतात. यंदा मी वेणी घालणार. काळे टाके पांढऱ्यावरून, पांढरे काळ्यावरून."

कोपऱ्यात तिची सासू बसली होती. डोळ्यांवर पडदा आलेला, पण बोटांना सगळं दिसायचं.

"सूनबाई, टाके वाढव. वेणी माप खाते."

"आत्याबाई, तुम्ही शेक घ्या. माझं माप कधी चुकलंय?"

झालं. तिने नेहमीइतकेच टाके सुईवर घातले आणि टोपी विणून काढली. देखणी अशी, की बघणाऱ्याने हात जोडावे. नवऱ्याच्या डोक्यावर चढवली तर ती नारळावर वाटी बसावी तशी वरच बसली. दोन्ही कान बाहेर.

"छान आहे," नवरा म्हणाला. "कान इथेच ठेवून जाऊ का?"

ती हसली नाही. आकाश राखेच्या रंगाचं झालं होतं. त्याला त्याच दिवशी वर जायचं होतं.

ती टोपी घेऊन चावडीपुढे गेली. सगळं गाव बघत असताना तिने शेंड्याचा धागा सोडला आणि ओढला. टोपी उसवू लागली.

"अगं, काय करतेस!" वरच्या आळीचा म्हातारा ओरडला.

"वेड लागलं!" खालच्या आळीचा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा दोघे एका बाजूला होते.

"चूक माझी," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडातून निघताना दात उपटल्यासारखं झालं. "आत्याबाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. धागे एकमेकांवरून गेले की कापड आखडतं. टोपी काठापासून सुरू होते, काठ चुकला की सगळंच चुकलं. आता टाके वाढवून पुन्हा घालायचे. लोकर लागेल. दोघांकडची."

"ते देतील तर आम्ही देऊ," वरचा म्हणाला.

"आधी त्यांनी द्यावी. गेल्या वेळचा तराजू कललेला होता," खालचा म्हणाला.

मधेच बोलला तिचा नवरा. त्याने डोक्याला जुनं फडकं गुंडाळलं, काठी घेतली आणि म्हणाला, "तुमचं चालू द्या. मी निघतो. धुकं तुमच्यासाठी थांबायचं नाही."

तेवढ्यात पहिला बर्फाचा कण पडला. त्याच्या उघड्या कानावर बसला आणि विरघळला नाही.

वरच्या म्हाताऱ्याने ते पाहिलं. त्याने गळ्यातला काळा गळपट्टा काढला, टोकाची गाठ दातांनी तोडली आणि धागा ओढायला लागला. तराजू नाही, काही नाही.

"मान गारठेल, थेरड्या," खालचा म्हणाला.

"गारठू दे. तुझ्यासारखी ताठ तर नाही."

खालच्याने त्याच्याकडे पाहिलं, शिवी गिळली आणि आपला पांढरा गळपट्टा उसवायला घेतला.

बाईने धागे वाफेवर धरून सरळ केले. आंधळ्या सासूच्या हाती पहिली सुई दिली. "आत्याबाई, टाके तुम्ही घाला." म्हातारीने टाके घातले, मोकळ्या हाताने, जणू गावजेवणाची पंगत वाढत होती.

मग सून विणू लागली. काळे टाके एका आखूड सुईवर घेऊन पुढे लटकत ठेवले, मागचे पांढरे आधी विणले, मग काळे. पुन्हा काही ओळी सरळ. पुन्हा वळण. आणि बघता बघता सपाट कापडातून वेणी वर उठली. झाडाचं मूळ जमीन फोडून वर यावं तशी. काळं खाली जाई आणि पांढरं वर येई, पांढरं बुडे आणि काळं उगवे. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं, ते सांगता येईना. बर्फ लोकांच्या खांद्यांवर साठत होता आणि कुणी तो झटकतही नव्हतं.

टोपी झाली. घंटेवाल्याने घातली. दोन्ही कान आत गेले, वर बोटभर जागा उरली.

तो डोंगर चढून गेला. धुक्याने आधी त्याचे पाय घेतले, मग पाठ, शेवटी टोपी. गाव कान देऊन उभं राहिलं. मग वरून, त्या पांढऱ्या पोकळीतून, घंटा वाजली. आकाशच बोललं असं वाटलं सगळ्यांना.

तो अख्खा हिवाळा घंटा थांबली नाही. काळी मेंढरं परतली, पांढरी परतली, परके वाटसरूही आले. दरीला त्या साली कुणी मिळालं नाही. आणि दोघे म्हातारे उघड्या मानांनी एकाच शेकोटीला बसून घंटा ऐकत, आणि भांडत. पण बसत एकाच शेकोटीला.

बोध एवढाच: एकमेकांत गुंतायचं तर थोडं आखडणं आलंच, म्हणून आपल्या वाट्याहून जरा जास्त घालून सुरुवात करावी.

आणि "टोपीत कसली आलीय गोष्ट" म्हणून भर सभेतून उठून गेलेला, ज्याने माझी माफी अजून मागितलेली नाही, तो म्हणजे तात्याबा भोईर.